हे खरे आहे काय?

विधिमंडळाच्या अधिवेशनात छापल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या यादीची एक ठरलेली बोली आहे. आमदाराचा प्रश्न ‘...हे खरे आहे काय?’ असा सुरू होतो. मग ‘असल्यास’ म्हणत एकेक पायरी पुढे जाते. असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि सर्वांत शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ मंत्र्यांच्या उत्तराचीही बोली तशीच ठरलेली. ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्याच उपप्रश्नाला ‘खरे नाही’ असे उत्तर आले की खालच्या साऱ्या उपप्रश्नांना तीनच शब्द पुरतात: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आरोग्य-विज्ञानाच्या सदरात विधिमंडळाची ही भाषा कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. निलंग्यात, लातुरात, नांदेडात किती बायकांची गर्भपिशवी काढली गेली, किती बाळे दगावली, किती जागा रिकाम्या आहेत, हे आपल्याला जेव्हा कळते तेव्हा ते बहुतेक वेळा कोणत्या तरी लेखी उत्तरातून कळते. शास्त्रीय नियतकालिकात मराठवाड्याच्या एखाद्या तालुक्यावर निबंध क्वचितच छापला जातो. सरकारी अहवाल वर्षा-दोन वर्षांनी येतात आणि राज्याच्या सरासरीवर थांबतात. आमदाराचा प्रश्न मात्र तालुक्याचे, गावाचे, कधी एकाच दवाखान्याचे नाव घेऊन विचारला जातो आणि सरकारला त्यावर सही करून उत्तर द्यावे लागते. त्यामुळे आपल्या भागाच्या आरोग्याची सार्वजनिक आकडेवारी खऱ्या अर्थाने इथेच जन्माला येते. मग ती कशी जन्मते आणि ती कशी वाचायची, हा आरोग्य-विज्ञानाचाच प्रश्न झाला.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तेव्हा प्रश्नोत्तराचा तास गदारोळात वाहून गेला म्हणून सगळेच वाया गेले असे नसते. ज्यांच्यावर चर्चा झाली नाही ती उत्तरेही लेखी स्वरूपात पटलावर येतात. दूरचित्रवाणीवर दिसतो तो गदारोळ. आकडे त्या कागदात असतात.

आता त्या कागदाचा उलटा प्रवास पाहू. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडे प्रश्न आला की तो आरोग्य सेवा संचालनालयाकडे, तिथून लातूर परिमंडळाच्या उपसंचालकांकडे, तिथून लातूर, नांदेड, बीड, धाराशिव या जिल्ह्यांकडे जातो. जिल्ह्यात पोचला की त्याला दोन फाटे फुटतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालची. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, आपल्या बोलीत सिव्हिल सर्जनच्या, हाताखालची. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तिसऱ्याच खात्याची, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाची. खासगी दवाखाने या तिन्हींच्या बाहेर.

निलंगा तालुक्यातल्या एका बाईचे उदाहरण घ्या. तिचे अंगावरून जाते म्हणून ती आधी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथून निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. तिथे भागले नाही म्हणून लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत. तिथली गर्दी पाहून नातेवाइकांनी शेवटी खासगीत नेले, आणि ते खासगी रुग्णालय बीदरला निघाले. निलंग्याच्या माणसाला बीदर लांब नाही. या एका आजारपणात चार यंत्रणा आणि दोन राज्ये आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळात उद्या कोणी विचारले की लातूर जिल्ह्यातील किती महिलांची गर्भपिशवी काढली, तर ही बाई कोणत्याच उत्तरात नसेल. कोणी लपवले म्हणून असे होईल असे नाही. तिला मोजणे कोणाचेच काम नव्हते, एवढेच.

हे उदाहरण कल्पनेचे आहे, पण गर्भपिशवीचा विषय कल्पनेचा नाही. मराठवाड्यातून सभागृहात गेलेल्या आरोग्याच्या प्रश्नांत तो सर्वांत मोठा म्हणावा लागेल.

२०१९ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. जूनमध्ये मुंबईत अधिवेशन सुरू झाले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत हा विषय मांडला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिले: २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. या सगळ्या स्त्रिया ऊसतोड कामगार नाहीत, असेही त्यांनी सांगितले आणि चौकशी समिती नेमण्याची घोषणा केली.

४,६०५ हा आकडा दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापला गेला. पण आकडा ऐकून धक्का बसणे वेगळे आणि आकडा कळणे वेगळे. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख होती, त्यात स्त्रिया १२ लाखांवर. तीन वर्षांत ४,६०५ म्हणजे वर्षाला दीड हजार. १२ लाखांना भागले तर दर हजार स्त्रियांमागे वर्षाला सव्वा शस्त्रक्रिया. ९९ रुग्णालयांना भागले तर एका रुग्णालयात महिन्याला एक किंवा दोन. असा भागाकार करून कोणीही म्हणू शकला असता की यात विशेष काही नाही. उलट हेच ४,६०५ केवळ ऊसतोड करणाऱ्या तरण्या बायकांमध्ये मोजले असते तर चित्र भयंकर झाले असते. छेद कोणता घ्यायचा, हे ठरल्याशिवाय अंशाला अर्थ नाही. शाळेत अपूर्णांक शिकवताना गुरुजींनी हे सांगितलेले असते, पण सभागृहात छेद विचारणारे कमी.

दुसरी गोष्ट वयाची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मोठ्या गाठींमुळे पिशवी काढावी लागणे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पांढरे जाते म्हणून ती काढून टाकणे यांत वैद्यकीय दृष्ट्या जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४,६०५ मध्ये दोन्ही एक-एकच मोजल्या जातात.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या भागात ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे बायाच बायांना सांगतात. गर्भाशयाचा कर्करोग, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा काही आजारांत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते किंवा जगणे सुसह्य करते. तिला सरसकट वाईट म्हणणे चुकीचे होईल. पण पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळी अनियमित होणे यांमागे पुष्कळदा जंतुसंसर्ग किंवा संप्रेरकांची गडबड असते आणि ती गोळ्यांनी बरी होण्यासारखी असते. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका रात्रीत अंगावर येतात. अंगाची आग होणे, झोप न लागणे हे लगेच सुरू होते. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे पुढच्या वर्षांत. बीडकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकू शकतात. तिशीतली बाई मग पन्नाशीच्या शरीराने जगते, आणि तिचे काम असते मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवण्याचे.

ती तिथवर का पोचते, याचे कारण दवाखान्याबाहेर आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा पडला तर दंड कापला जातो. पहाटे अंधारात फड गाठायचा, रात्री कोपीवर यायचे, जवळ पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. संसर्ग होणारच. त्यात एखाद्या डॉक्टरने ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असे म्हटले की पुढचा विचार संपतो. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते, आणि ते कर्ज फेडायला पुढच्या हंगामाची उचल आणखी मोठी घ्यावी लागते.

चौकशी समितीने मग जे केले ते सभागृहातल्या उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचे ठरले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास १७. इथे छेद होता, म्हणून टक्केवारी निघाली आणि म्हणून तुलना करता आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.३ टक्के होते. आपल्या शेजारच्या तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात ते ८ टक्क्यांच्या वर आहे, हे नांदेडच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे १७ ला ३ ने भागून ‘पाचपट’ असा मथळा करणे शास्त्राला धरून होणार नाही. पण एवढी मोठी तफावत केवळ पद्धतीच्या फरकाने पडत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

मग ४,६०५ आणि १३,८६१ हे दोन आकडे एकमेकांना खोटे ठरवतात का? नाही. पहिला आकडा तीन वर्षांत किती शस्त्रक्रिया झाल्या याचा आहे. दुसरा, आज हयात असलेल्या किती बायकांची शस्त्रक्रिया आयुष्यात कधी ना कधी झालेली आहे याचा. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. धनेगावच्या मांजरा धरणात या पावसाळ्यात किती पाणी आले आणि आज धरणात किती साठा आहे, या दोन गोष्टी आपण कधीच एक समजत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी प्यायलेल्या शहराला आवक आणि साठा यांतला फरक चांगला माहीत आहे. आरोग्याच्या उत्तरांत मात्र ही गल्लत सर्रास होते, आणि सोयीचा आकडा पुढे केला जातो. सरकारकडून तसे होते, विरोधकांकडूनही होते.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तर कोणत्या व्याख्येत बसवले, यावर किती अवलंबून असते याचे सर्वांत बोचरे उदाहरण करोनाच्या काळातले आहे. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत प्रश्न आला की दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या तुटवड्याने किती मृत्यू झाले. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये ठरलेल्या पद्धतीने मृत्यू कळवतात, आणि प्राणवायूच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. त्या स्वतः डॉक्टर, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार. दुसऱ्याच दिवशी राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही महाराष्ट्रात तुटवड्याने मृत्यू झाल्याचे आपण म्हटलेले नाही, असे सांगितले. दोघे परस्परविरोधी पक्षांचे, पण उत्तर एकच. ज्यांनी एप्रिल-मे महिन्यांत सिलिंडरसाठी रात्री जागवल्या त्यांना हे वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको.

तरी त्या उत्तरातले वाक्य शब्दशः खोटे होते असे म्हणता येत नाही, आणि अडचण तिथेच आहे. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरांना आधी तात्काळ कारण, मग त्याच्या मागचे कारण, मग मूळ आजार अशी साखळी लिहावी लागते. तिथे न्यूमोनिया लिहिता येतो, श्वसनक्रिया बंद पडणे लिहिता येते, कोविड लिहिता येते. ‘टाकीतला प्राणवायू संपला’ हा आजार नाही, त्याला रकाना नाही. रकाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून राज्याने कळवले नाही, राज्याने कळवले नाही म्हणून केंद्राकडे नाही. प्रत्येक पायरीवरचा कारकून प्रामाणिक असूनही शेवटी उत्तर शून्याच्या जवळ येते. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीला गळती लागून दाब कमी झाला आणि २२ रुग्ण दगावले. ते ‘तुटवडा’ या शब्दात बसतात की ‘अपघात’ या शब्दात, यावर ते मोजले जाणार की नाही हे ठरते.

त्याआधी सप्टेंबर २०२० मधले आणखी एक उत्तर आठवते. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न लोकसभेत होता. कामगार मंत्रालयाने लिहून दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. नुकसानभरपाईबद्दलच्या पुढच्या भागाला अर्थातच ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले होते, सारा मराठवाडा हळहळला होता. ते १६ जण कोणत्या वहीत गेले? गंमत अशी की त्याच आठवड्यात रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. किती मृतदेहांची उत्तरीय तपासणी झाली, किती अहवाल मिळाले, हेही त्यात होते. रेल्वेला माहिती कशी मिळाली? कारण गाडीत कोणी दगावले तर रेल्वे पोलिसांना नोंद करावीच लागते. रस्त्याने चालत निघालेला माणूस कोणत्याच खात्याचा प्रवासी नव्हता.

व्याख्येचा हा खेळ आपल्या भागाला नवा नाही. १९९३ च्या भूकंपानंतर निलंगा-औसा भागातल्या माणसांनी गावाचा वर्ग ‘अ’ लागला की ‘क’ यावरून कुटुंबाचे भवितव्य ठरताना पाहिले आहे. ‘अ’ म्हणजे नव्या जागी पुनर्वसन, ‘क’ म्हणजे आहे त्या घराची दुरुस्ती. शेतकरी आत्महत्यांच्या उत्तरांतही तेच. जून २०१९ च्या त्याच अधिवेशनात तेव्हाचे मंत्री सुभाष देशमुख यांच्या लेखी उत्तरात २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याचे आणि त्यांपैकी ६,८८८ प्रकरणे मदतीस पात्र ठरल्याचे नमूद होते. उरलेल्या पाच हजारांवर घरांतही माणूस गेलेलाच होता. ‘पात्र’ हा शब्द एक लाख रुपयांच्या मदतीसाठी आहे, दुःखाच्या मोजमापासाठी नाही. पण अनेकदा बातमीत आणि भाषणात पात्र प्रकरणे तेवढीच आत्महत्या म्हणून वावरतात.

तेव्हा लेखी उत्तर हातात आले की ते कसे वाचावे? आमच्या मते चार गोष्टी आधी पाहाव्यात. आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. तो सरकारी दवाखान्यांचा आहे की खासगीही धरून. तो कितीपैकी आहे. आणि ज्या शब्दाची मोजदाद केली आहे तो शब्द कोणी, कुठे नोंदवतो. ‘निरंक’ असे उत्तर असेल तर चौथा प्रश्न पहिला विचारावा, कारण जे कोणी नोंदवतच नाही ते नेहमीच निरंक असते.

यावर सरकारी अधिकाऱ्यांची एक तक्रार असते आणि ती अगदी निराधार नाही. अधिवेशन लागले की तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात ‘विधिमंडळ - अत्यंत तातडीचे’ असे शेरे मारलेली पत्रे येऊ लागतात. संध्याकाळपर्यंत माहिती द्या, असे फोन येतात. आरोग्य सेविकेने लसीकरण सोडून जुन्या वह्या चाळायच्या. एकाच विषयावर पाच आमदारांचे पाच वेगवेगळे प्रश्न, पाच वेगवेगळे नमुने. अशा घाईत भरलेला तक्ता किती विश्वासाचा? पण याचा उपाय प्रश्न कमी विचारणे हा नव्हे. जी माहिती दरवर्षी विचारली जाते ती दरमहा आपोआप गोळा होऊन लोकांसमोर राहिली तर धावपळ उरणार नाही.

तसे करता येते, याचा पुरावा घरातच आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याने गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुना भरणे सक्तीचे केले आणि केंद्रांना पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत त्याचा अहवाल द्यावा लागतो. परळीचे प्रकरण २०१२ मध्ये उघडकीस आल्यानंतर बीड जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी किती कडक झाली हे डॉक्टरांना ठाऊक आहे. कायद्याने मागितले तर खासगी दवाखानाही मोजतो. गर्भपिशवीच्या बाबतीत २०१९ नंतर बीडमध्ये शस्त्रक्रियेआधी सिव्हिल सर्जनची परवानगी घेण्याची पद्धत आली. पुढे डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना आदेश दिला की केंद्राची अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत. ती याचिका बिहार, छत्तीसगड, राजस्थान या राज्यांतल्या प्रकारांवरून झाली होती. मार्गदर्शक तत्त्वांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर खास लक्ष अपेक्षित आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या आमदारांना यातून विचारण्याजोगे पुष्कळ आहे. जिल्हा देखरेख समिती नेमली आहे काय, असल्यास तिच्या किती बैठका झाल्या? चाळिशीच्या आतल्या किती स्त्रियांची गर्भपिशवी काढली, त्यांतल्या किती खासगीत, कोणत्या कारणाने, आणि कितींचे बीजांडकोशही काढले? सीमेपलीकडे बीदरला किंवा तेलंगणात जाऊन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची माहिती घेण्याची कोणती व्यवस्था आहे? ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची आरोग्य तपासणी जाण्याआधी आणि आल्यानंतर होते काय, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती बायकांची नोंद आहे? नवऱ्याच्या नावाने नाही, त्यांच्या स्वतःच्या नावाने.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. संसदेत आश्वासन पूर्ण करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत धरली जाते. बीडच्या प्रकरणात उत्तरानंतर समिती, समितीनंतर पाहणी असे झाले, कारण प्रश्न विचारणारी व्यक्ती उत्तर मिळाल्यावर थांबली नाही. एरवी उत्तर छापले गेले की आमदाराचे कात्रण होते आणि विषय संपतो. मतदारसंघात वाटण्याच्या कार्यअहवालात ‘इतके प्रश्न विचारले’ अशी संख्या येते. विचारलेल्या प्रश्नांतून काय बदलले, याचा रकाना त्या अहवालातही नसतो.

एक व्यवहाराची बाब राहिली. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर असतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते. त्या वेळी विचारलेल्या प्रश्नासाठी आरोग्य सेविका गावात माहिती घ्यायला जाते तेव्हा ज्यांच्याबद्दल विचारायचे त्या बायका पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात, आणि घरी म्हातारी माणसे आणि लेकरे. बीडची पाहणी पावसाळ्यात झाली, बाया घरी असताना, हे तिच्या यशाचे एक साधे कारण होते. लातूर-नांदेडसाठी हा प्रश्न पावसाळी अधिवेशनातच लागला पाहिजे, आणि पाहणी दसऱ्याच्या आत, मुकादमाची गाडी गावात येण्यापूर्वी, उरकली पाहिजे.